आधी नोंदी, मग सूची

डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा एका संदेशाला तोंड द्यावं लागतं. अमुक टेबल क्रॅश झाल्याची खूण आहे, ते दुरुस्त करा, असं मायएसक्यूएल सांगतं. या चुकीचा क्रमांक १४५. वेबसाइट बंद पडलेली असते, फोनवर फोन येत असतात आणि हाताशी दुरुस्तीची एक कमांड असते. ती चालवली की बहुतेक वेळा टेबल उघडतं, साइट सुरू होते आणि सगळे आपापल्या कामाला लागतात.

पण टेबल उघडणं वेगळं आणि नोंदी परत मिळणं वेगळं. दुरुस्तीची कमांड टेबल सुसंगत करते, म्हणजे त्यात जे उरलंय ते एकमेकांशी जुळेल अशी व्यवस्था लावते. जे कशाशीच जुळत नाही, ते ती वगळते. वगळलेली नोंद एखाद्या रुग्णाच्या तपासणीची होती की एखाद्या सभासदाने भरलेल्या वर्गणीची, हे कमांडला ठाऊक नसतं आणि ठाऊक होण्याचा मार्गही नसतो. ते ठाऊक असतं फक्त कमांड चालवणाऱ्या माणसाला. म्हणूनच दुरुस्तीची कमांड पाठ असण्यापेक्षा दुरुस्तीचा क्रम माहीत असणं जास्त महत्त्वाचं आहे. या प्रकरणात तो क्रम आणि त्यामागची कारणं पाहू.

एक टेबल, तीन फायली

मायएसक्यूएलचा जन्म १९९५ सालचा, स्वीडनमधला. मायकेल विडेनियस, डेव्हिड अ‍ॅक्समार्क आणि अ‍ॅलन लार्सन हे त्याचे तीन संस्थापक. हलकं, वेगवान आणि सहज उपलब्ध असल्यामुळे वेबसाइटींच्या जगात ते झपाट्याने पसरलं. नोंदी डिस्कवर कशा ठेवायच्या हे त्यातला एक स्वतंत्र भाग ठरवतो आणि तो भाग टेबलागणिक बदलता येतो. त्याला स्टोरेज इंजिन म्हणतात. २०१० च्या अखेरीस ५.५ ही आवृत्ती आली, तोवर मुद्दाम काही न सांगता टेबल बनवलं की ते मायआयसॅम या इंजिनात बनायचं. त्या काळात उभ्या राहिलेल्या कितीतरी साइटींत ही टेबलं अजून नांदत आहेत. टेबल बिघडणं आणि दुरुस्त होणं म्हणजे काय हे समजून घ्यायला हेच इंजिन सोयीचं आहे, कारण त्याची मांडणी अगदी साधी आहे.

समजा, एका वाचनालयाच्या डेटाबेसमध्ये 'सभासद' नावाचं टेबल आहे. सर्व्हरवर त्या डेटाबेसचं फोल्डर उघडलं, तर या एका टेबलाच्या तीन फायली दिसतात. पहिलीचं एक्स्टेन्शन एफआरएम. टेबलात कोणते रकाने आहेत, कोणता रकाना अंकांचा आणि कोणता मजकुराचा, एवढंच तिच्यात असतं. दुसरी एमवायडी. सभासदांची नावं, पत्ते, वर्गणीच्या तारखा, असा सगळा खरा ऐवज हिच्यात. तिसरी एमवायआय, म्हणजे इंडेक्सची फाइल. (मायएसक्यूएलच्या ८.० या आवृत्तीपासून एफआरएम फाइल गेली आणि मायआयसॅम टेबलांसाठी तिच्या जागी एसडीआय नावाची फाइल आली.)

इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असलेली शब्दसूची. सूचीची पानं फाटली, तरी पुस्तक पहिल्यापासून वाचत ती पुन्हा बनवता येते. वेळ लागेल, पण सूची जशीच्या तशी उभी राहील. उलट पुस्तकाचं पानच गहाळ झालं, तर सूचीत त्या पानाचा क्रमांक सापडेल, पानावरचा मजकूर सापडणार नाही. एमवायआय आणि एमवायडी या दोन फायलींचं नातं असंच एकेरी आहे. इंडेक्स नोंदींपासून पुन्हा घडवता येतो. नोंदी इंडेक्सपासून घडवता येत नाहीत. दुरुस्तीचे सगळे नियम या एका वस्तुस्थितीतून निघतात.

बिघाड होतो कसा

नवा सभासद नोंदवला, की सर्व्हरला दोन्ही फायलींत लिहावं लागतं. एमवायडीत नोंद आणि एमवायआयमध्ये प्रत्येक इंडेक्सपुरती एकेक कळ, म्हणजे त्या नोंदीकडे नेणारा सूचीतला उल्लेख. ही लिखाणं एका क्षणात होत नाहीत. मधेच वीज गेली, सर्व्हरची प्रक्रिया कुणी मारून टाकली किंवा डिस्कने दगा दिला, तर एका फाइलीत लिहिलं गेलेलं असतं आणि दुसरीत राहून जातं. मायआयसॅमकडे अर्धवट राहिलेलं काम आठवून पूर्ण करणारी रोजनिशी नसते. सर्व्हर पुन्हा सुरू होतो तेव्हा टेबल ज्या अवस्थेत सोडलं होतं त्याच अवस्थेत मिळतं.

या अवस्थेची दखल घेण्यासाठी एक छोटी पण हुशार सोय केलेली आहे. प्रत्येक एमवायआय फाइलीच्या सुरुवातीच्या भागात एक मोजणी असते. टेबल उघडल्यावर त्यात पहिल्यांदा बदल झाला, की ही मोजणी एकाने वाढते. नंतर कितीही बदल झाले तरी ती तेवढीच राहते. टेबल रीतसर बंद झालं, की ती एकाने कमी होते. म्हणजे कुणीही वापरत नसलेल्या टेबलाची मोजणी शून्य नसेल, तर ते बदल झाल्यानंतर नीट बंद झालेलं नाही. ते बिघडलंच असेल असं नाही, पण तपासायला हवं. तपासणीत ते निर्दोष निघालं किंवा दुरुस्त झालं, की मोजणी पुन्हा शून्यावर येते.

बिघाडाची लक्षणं दर वेळी १४५ इतकी स्पष्ट नसतात. १२६ म्हणजे इंडेक्सची फाइल बिघडली, १२७ म्हणजे नोंदींची. १४४ आला तर टेबल क्रॅश झालेलं आहे आणि आधीचा दुरुस्तीचा प्रयत्नही फसलेला आहे. अशा क्रमांकाचा अर्थ पीएरर या छोट्या कमांडला विचारता येतो. पण सगळ्यात घातक लक्षण निमूट असतं. शोध चालतो, उत्तर येतं, फक्त त्यात काही नोंदी कमी असतात. नाव आडनावाच्या इंडेक्समधून गळलं असेल, तर आडनावाने शोधल्यावर तो सभासद सापडत नाही आणि संपूर्ण यादी काढल्यावर मात्र दिसतो. स्क्रीनवर कुठलीच चूक उमटत नाही. म्हणून काही बिघडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ठरावीक दिवसांनी तपासणी करणं शहाणपणाचं.

तपासणी: नुसतं पाहायचं

मायआयसॅमची टेबलं तपासायची कमांड म्हणजे मायआयसॅमचेक. ती सर्व्हरला वळसा घालून थेट फायलींवर काम करते. त्यामुळे पहिला नियम असा: ती चालवताना सर्व्हर त्या टेबलाला हात लावत नाही याची खात्री हवी. सर्व्हर बंद ठेवणं हा सर्वात सुरक्षित मार्ग. सर्व्हर एकीकडे लिहितोय आणि त्याच वेळी ही कमांड दुसरीकडून फायली बदलतेय, असं झालं तर धडधाकट टेबलही बिघडतं. मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत टेबल बिघडण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांत वीज जाणं आणि यंत्रातला दोष यांच्या जोडीला हेही एक कारण आहे.

काही पर्याय न देता कमांड चालवली, तर ती तपासते, बदलत काही नाही. स्क्रीनवर एकेक टप्पा उमटत जातो. आधी फाइलीचा आकार नोंदवलेल्या आकाराशी जुळतो का ते पाहिलं जातं. मग पुसलेल्या नोंदींची साखळी. मायआयसॅममध्ये नोंद पुसली तरी फाइल लहान होत नाही. ती जागा रिकामी म्हणून ठेवतात आणि अशा सगळ्या जागा एका साखळीत गुंफतात, म्हणजे पुढची नवी नोंद तिथे बसवता येते. साखळीतला एक दुवा चुकीच्या जागी गेला, तर उद्याची नवी नोंद जिवंत नोंदीवर लिहिली जाईल. हा टप्पा महत्त्वाचा आहे तो यासाठी. त्यानंतर एकेका इंडेक्समधल्या कळा मोजल्या जातात.

इथेच बहुधा चूक पकडली जाते. नोंदी १२,४८० आहेत आणि इंडेक्समध्ये कळा सापडल्या १२,४७९, अशा अर्थाची एक ओळ येते. खाली निष्कर्ष येतो की टेबल बिघडलेलं आहे, डॅश आर किंवा डॅश ओ हा पर्याय वापरून दुरुस्त करा. एक कळ कमी, म्हणजे एका सभासदाची नोंद फाइलीत आहे, पण तिच्याकडे जाणारी एक वाट तुटलेली आहे.

तपासणीची खोली कमी-जास्त करता येते. साध्या तपासणीत ९९.९९ टक्के चुका सापडतात, असं माहितीपुस्तिका सांगते. फक्त नोंदींच्या फाइलीत दडलेला दोष तिच्या नजरेतून सुटू शकतो. डॅश एम ही मध्यम तपासणी. ती प्रत्येक नोंद वाचते, नोंदींमधल्या कळांची बेरीज इंडेक्समधल्या बेरजेशी ताडून पाहते आणि ९९.९९९ टक्क्यांपर्यंत पोचते. डॅश ई ही सखोल तपासणी. ती प्रत्येक नोंदीची प्रत्येक कळ इंडेक्समध्ये शोधून पाहते की ती खरोखर त्याच नोंदीकडे नेते का. मोठ्या टेबलावर ती खूप वेळ घेते. रोजच्यासाठी डॅश कॅपिटल एफ पुरते. ज्या टेबलांची मोजणी शून्यावर आलेली नाही, तेवढीच ती तपासते.

दुरुस्ती: कमीत कमी हात लावून

तपासणीत दोष सापडला, की पुढची कमांड दुरुस्तीची नसते, प्रत काढायची असते. तिन्ही फायली दुसऱ्या जागी, शक्यतो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या. बिघडलेल्या फायलींची प्रत कशाला, असं वाटतं. पण दुरुस्ती हा एकेरी रस्ता आहे. आत्ता एमवायडीत जे काही आहे, ते एखाद्या चुकलेल्या प्रयत्नानंतर राहणार नाही. प्रत असेल तर दुसरा प्रयत्न करता येतो, आणि मूळ फाइलीतून एखादी नोंद हाताने वाचून काढण्याची शेवटची संधीही राहते.

पहिली पायरी डॅश आर डॅश क्यू. यात कमांड एमवायडीला स्पर्शही करत नाही. ती नोंदी वाचते आणि फक्त इंडेक्स नव्याने बांधते. बिघाड इंडेक्सपुरता असेल, आणि बऱ्याचदा तो तेवढाच असतो, तर काम इथेच संपतं आणि एकही नोंद धोक्यात येत नाही.

ते जमलं नाही तर नुसतं डॅश आर. आता नोंदींची फाइलही नव्याने लिहिली जाते. कमांड जुनी फाइल सुरुवातीपासून वाचत जाते, चांगल्या नोंदी टीएमडी एक्स्टेन्शनच्या तात्पुरत्या फाइलीत उतरवते, चुकीच्या आणि पुसलेल्या नोंदी मागे ठेवते आणि शेवटी नवी फाइल जुनीच्या जागी आणते. म्हणून डिस्कवर मूळ फाइलीएवढी मोकळी जागा लागते. इंडेक्स आणि त्याच्या क्रमवारीसाठी आणखी लागते. जागा अपुरी पडून दुरुस्ती अर्ध्यात थांबणं हा नवख्यांना नेहमी येणारा अनुभव, तेव्हा जागा आधी पाहून घ्यावी. क्रमवारीसाठी कमांडला जास्त मेमरी दिली, तर वेळ बराच वाचतो.

तरीही टेबल बधलं नाही तर डॅश ओ, म्हणजे सेफ रिकव्हर. ही जुनी, संथ पद्धत. डॅश आरला न झेपणाऱ्या काही मोजक्या प्रकरणांत ती कामी येते.

याच्याही पलीकडची अवस्था असते. एमवायआय फाइलच गायब झालेली असते, किंवा तिच्या सुरुवातीचे १६ केबी नासलेले असतात. तिथेच इंडेक्सची सगळी ओळख असल्याने कमांडला सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. अशा वेळी एमवायडी फाइल आधी सुरक्षित जागी हलवतात. मग सर्व्हरकडून, शाबूत असलेल्या वर्णनाच्या आधारे, त्याच टेबलाचा रिकामा संच बनवून घेतात. त्या संचातल्या रिकाम्या एमवायडीच्या जागी जुन्या एमवायडीची प्रत ठेवतात आणि पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन डॅश आर डॅश क्यू चालवतात. नोंदी जुन्या, इंडेक्स कोरा, आणि कोरा इंडेक्स नोंदींवरून भरला जातो. नोंदींपासून सूची बनते, हे तत्त्व इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आता दुरुस्तीच्या वेळी स्क्रीनवर येणाऱ्या ओळी. अमुक जागी नोंद चुकीची सापडली, पुढे 'स्किप्ड' हा शब्द, अशा ओळी सरकत जातात आणि घाईत कुणी त्या वाचत नाही. त्या प्रत्येक ओळीमागे काहीतरी वगळलं गेलेलं असतं. सर्व्हरमधून दुरुस्ती केली तर नोंदींची संख्या इतक्यावरून इतकी झाली, असा इशारा येतो. ही संख्या दुरुस्तीतली सर्वात महत्त्वाची माहिती आहे. १२,४८० वरून १२,४७८ झाली असेल, तर टेबल दुरुस्त झालं आणि दोन सभासद गेले. ते कोण, हे बॅकअपशी ताडून शोधायचं काम कुठलीही कमांड करून देत नाही. म्हणून स्क्रीनवर उमटणाऱ्या या सगळ्या ओळी एका फाइलीत साठवून ठेवाव्यात.

इंजिन बनवणाऱ्यांनाही या धोक्याची पूर्ण जाणीव होती. सर्व्हर सुरू असताना बिघडलेलं टेबल उघडलं, की ते आपोआप दुरुस्त करण्याची सोय मायआयसॅममध्ये चालू करता येते. पण फोर्स हा पर्याय स्पष्टपणे दिल्याशिवाय, एकाहून अधिक नोंदी गमवाव्या लागणार असतील तिथे ती थांबते. बॅकअप हा पर्याय दिला, तर नोंदींची फाइल बदलण्यापूर्वी तिची बीएके एक्स्टेन्शनची प्रत काढते. एकाहून जास्त नोंदी सोडायच्या की नाहीत, हा निर्णय यंत्राचा नाही, माणसाचा आहे, असंच ही रचना सांगते.

सर्व्हर चालू ठेवून

दर वेळी सर्व्हर बंद करणं परवडत नाही. तिथे मायएसक्यूएलचेक ही दुसरी कमांड उपयोगी पडते. ती फायलींना हात लावत नाही. चालू सर्व्हरशी जोडणी करून त्यालाच सांगते की हे टेबल तपास, ते दुरुस्त कर. सर्व्हर मधे असल्यामुळे कुलूप लावणं-काढणं तोच सांभाळतो. तपासणीच्या वेळी टेबल वाचता येतं, फक्त त्यात लिहिता येत नाही. सगळे डेटाबेस एका दमात तपासायची आणि बिघडलेलं सापडलं तर लगेच दुरुस्त करायची सोयही तिच्यात आहे. पण वर सांगितलेली प्रत काढण्याची पायरी या सोयीत आपोआप येत नाही, हे विसरू नये. आणखी एक दक्षता: सर्व्हरमार्फत दुरुस्ती चालू असताना सर्व्हरच कोसळला, तर पुन्हा सुरू झाल्यावर त्या टेबलावर दुसरं काहीही करण्याआधी दुरुस्तीची आज्ञा पुन्हा द्यावी. नाहीतर नव्या, अर्धवट इंडेक्सच्या भरवशावर नोंदींच्या फाइलीत लिहिलं जाण्याचा धोका असतो.

डिस्क शाबूत, तरी इंडेक्स चुकीचा

वीज गेली नाही, डिस्क उत्तम आहे, कुणी काही मोडलं नाही, आणि तरी इंडेक्स चुकीचा ठरला, असंही घडतं. इंडेक्समधल्या कळा ठरावीक क्रमाने लावलेल्या असतात आणि तो क्रम एका नियमावर उभा असतो. मराठीत हे लगेच पटतं. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगोलग नंतर येतो. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो, आणि त्याच्यामागून 'क्ष' आणि 'ज्ञ'. संगणकाच्या लेखी 'क्ष' म्हणजे 'क', हलन्त आणि 'ष', त्यामुळे नुसत्या युनिकोडच्या क्रमाने 'क्षमा' हे नाव 'क'च्या नावांत जाऊन बसतं. एका नियमाने लावलेल्या यादीत दुसऱ्या नियमाने शोध घेतला, तर समोर असलेलं नाव सापडत नाही.

२०१८ साली लिनक्समधल्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्यात अक्षरांच्या क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस मजकुराच्या क्रमासाठी बहुतेक ठिकाणी याच लायब्ररीवर अवलंबून असे. लिनक्सची आवृत्ती वाढवली, डेटाबेस तसाच ठेवला, आणि जुन्या नियमाने बांधलेले इंडेक्स नव्या नियमाने वाचले जाऊ लागले. मूल्य अद्वितीय असलंच पाहिजे अशा रकान्यांत एकच मूल्य दोनदा शिरू शकलं, कारण 'हे आधीच आहे' हे इंडेक्सला सापडेना. उपाय तोच जुना: नोंदींवरून इंडेक्स पुन्हा बांधायचा. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १४ व्या आवृत्तीपासून सोबत येणारी पीजी-एमचेक ही कमांड अशी विसंगती शोधून देते. ती फक्त तपासते, दुरुस्त काहीच करत नाही.

दुरुस्तीची कमांड नसलेलं इंजिन

५.५ या आवृत्तीपासून मायएसक्यूएलमध्ये न मागता मिळणारं इंजिन आहे इनोडीबी. फिनलंडमधल्या हेइकी तुरी यांनी ते घडवलं. हे इंजिन बदल करण्याआधी तो रोजनिशीत टिपून ठेवतं. वीज गेली तर पुन्हा सुरू होताना रोजनिशी वाचून पुरा झालेला व्यवहार पूर्ण करतं आणि अर्धवट राहिलेला मागे फिरवतं. १६ केबीच्या प्रत्येक पानावर पडताळणीचा आकडा असतो, आणि पान मूळ जागी लिहिण्याआधी एका वेगळ्या जागी लिहिलं जातं, म्हणजे लिहिताना पान अर्धं फाटलं तरी पूर्ण प्रत हाती राहते.

या इंजिनावर दुरुस्तीची आज्ञा दिली, तर हे इंजिन दुरुस्ती करत नाही असं उत्तर येतं. तपासणीत खोल बिघाड दिसला तर सर्व्हर थांबतो, म्हणजे चूक पुढे पसरत नाही. अगदीच अडलं तर इनोडीबी फोर्स रिकव्हरी नावाची सेटिंग आहे. तिला १ ते ६ अशा पायऱ्या आहेत आणि ४ पासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. ती वापरायची ती एवढ्यासाठीच, की सर्व्हर कसाबसा उभा करून नोंदी बाहेर काढाव्यात आणि कोऱ्या डेटाबेसमध्ये भराव्यात. इथेही मोल नोंदींचंच आहे, बाकी सगळं नव्याने बांधता येतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने तर दुरुस्तीच्या पर्यायाचं नावच 'रिपेअर अलाउ डेटा लॉस' ठेवलं आहे. नोंदी जाऊ शकतात हे मान्य करून, ते नाव स्वतः टाइप केल्याशिवाय ती दुरुस्ती होतच नाही. प्रत्येक दुरुस्तीच्या कमांडचं नाव असंच स्पष्ट असायला हवं होतं.

तेव्हा क्रम असा ठरतो. ठरावीक दिवसांनी तपासणी. दोष सापडला तर लिखाण थांबवून आहे त्या अवस्थेची प्रत. मग नोंदींना न शिवणारा उपाय, तो फसला तर पुढचा. शेवटी नोंदींची मोजणी, आधीच्या आकड्याशी आणि बॅकअपशी ताडून. ही शेवटची पायरी पार पडण्यासाठी बॅकअप असावा लागतो, आणि तो नुसता असून भागत नाही. कधीतरी तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून, टेबलं उघडून, नोंदी मोजून पाहिलेला असावा लागतो. १४५ क्रमांकाची ओळ दिसल्यावर हे करायला फुरसत मिळत नाही. म्हणून ज्या आठवड्यात सगळं सुरळीत चाललंय, त्याच आठवड्यात ते करून ठेवावं.